मांजराच्या कानावरचा थेंब

कोंकणांतल्या घरांत मांजराला पाळीव जनावर म्हणण्यापेक्षां घरांतलें एक माणूस म्हणणेंच अधिक रास्त होतें. रत्नागिरीच्या बाजूस कणगींत भात असे, माळ्यावर अढींत आंबे पिकत, शिंक्यावर दूधदुभतें असे. आणि ह्या सर्वांचे वैरी जे उंदीर व घुशी, त्यांच्या बंदोबस्तासाठीं चुलीच्या उबेला एखादें मांजर पसरलेलें असे. हातून मांजर मेलें तर काशीस जाऊन सोन्याचें मांजर दान करावें लागतें, असा धाक वडील मंडळी मुलांस घालीत. ब्राह्मणाच्या घरीं त्याच्या वाट्यास थोडा दूधभात येई, खारव्याच्या घरीं तारल्याबांगड्यांचीं डोकीं येत. बाकीचें पोट त्याचें त्यानें भरावें, ही अपेक्षा दोन्ही घरीं सारखीच. शिकारीवर जगणाऱ्या असल्या सडपातळ मांजराला मधुमेह होऊं शकतो असें कोणीं सांगितलें असतें, तर ऐकणाऱ्यास ती थट्टाच वाटली असती.

ती थट्टा आतां राहिलेली नाहीं. शहरांतल्या वरच्या मजल्यावर राहणारें मांजर उंबऱ्याबाहेर पडत नाहीं. त्याची नसबंदी झालेली असते, ताटली सदैव भरलेली असते, आणि उंदीर त्यानें पाहिलेला असेलच असें नाहीं. वय सातआठ वर्षांच्या पुढें गेलें कीं अशा मांजरांपैकीं एखादें एकाएकीं फार पाणी पिऊं लागतें. दुप्पट खाऊनही त्याच्या पाठीचा कणा वर येतो. कधीं कधीं मागच्या पायांच्या टांचा जमिनीला टेकवून तें चालूं लागतें. पशुवैद्य रक्त तपासतात आणि मधुमेही मनुष्यास जें सांगावयाचें तेंच मांजराच्या धन्यास सांगतात: पथ्य पाळा, सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन टोंचा आणि घरीं रक्तांतील साखर मोजीत जा. यांतली शेवटची गोष्ट ऐकून धनी चपापतो. पण तिहींत महत्त्वाची तीच आहे. मनुष्याच्या बाबतींत घरची मोजणी ही एक सोय आहे. मांजराच्या बाबतींत खरा आकडा हातीं येण्याची बहुधा तेवढीच एक वाट आहे. ती वाट सांपडण्यास वैद्यकास शतकें लागलीं, आणि तिच्या एका महत्त्वाच्या वळणावर खुद्द मांजरच उभें होतें.

मधुमेहाची सर्वांत जुनी घरगुती परीक्षा मुंग्यांची. रोग्याच्या शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या आणि भुंगे धांव घेतात, हें चरकसंहितेंत प्रमेहाच्या पूर्वरूपांत सांगितलेलें आहे. आणि ज्या रोगांत मूत्रास मधाचा गुण येतो त्यास मधुमेह हें नांव आपल्या वैद्यांनींच दिलें. शेणानें सारवलेल्या अंगणांत ही परीक्षा अनायासें होत असे. तिला उपकरण लागत नसे कीं वैद्य लागत नसे. मांजरापुढें मात्र ती हरते. मांजर आपली घाण मातीनें झांकून टाकतें, आणि कोंकणांत माती, वाळू व पालापाचोळा यांस तोटा नाहीं.

युरोपांत १६७४ सालीं टॉमस विलिस यानें मधुमेह्याच्या मूत्राच्या गोडीविषयीं लिहिलें. पुढें एका शतकानें, १७७६ सालीं, लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यानें दाखविलें कीं ही गोडी केवळ मूत्रांत नसून रक्ताच्या पाण्यांतही असते. साखर मूत्रपिंडांत उत्पन्न होत नाहीं, ती रक्तांतून तेथें येते, असा त्याचा अर्थ. १८१५ सालीं शेव्हरल या फ्रेंच रसायनज्ञानें ती द्राक्षांतल्या साखरेच्याच जातीची असल्याचें सिद्ध केलें. तरीपण रक्त मिळविणें अवघड आणि मूत्र विनासायास मिळणारें, म्हणून रोजची सर्व परीक्षा मूत्राभोंवतींच घोटाळत राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभीं स्टॅन्ले बेनेडिक्ट या अमेरिकन रसायनज्ञानें मोरचुदाचा एक निळा द्राव तयार केला, आणि तो कालांतरानें आपल्याकडील सुशिक्षित घरांतून पोंचला. कांचेच्या नळींत पांच घनसेंटिमीटर द्राव, त्यांत मूत्राचे आठ थेंब, आणि खालीं स्पिरिटचा दिवा. निळा रंग तसाच राहिला तर साखर नाहीं. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटीं विटेसारखा तांबडा, या क्रमानें साखर अधिकाधिक. कित्येक घरांतील वडील माणसांनीं सकाळच्या प्रहरीं ह्या नळ्या उकळल्या आणि रंग पाहून त्या दिवशींच्या भाताचा घांस ठरविला.

ह्या परीक्षेंत एक मूलभूत उणीव होती. मूत्रपिंड रक्तांतील साखर कांहीं मर्यादेपर्यंत अडवून धरतें आणि ती मर्यादा ओलांडल्यावरच साखर मूत्रांत उतरते. मनुष्याची ही मर्यादा शंभर घनसेंटिमीटर रक्तांत सुमारें १८० मिलिग्रॅम. मांजराचें मूत्रपिंड याहून चिवट. त्याची मर्यादा अडीचशेंच्या आसपास किंवा त्याच्याही पुढें. निरोगी मांजराची साखर साधारणतः ८० ते १२० च्या दरम्यान असते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे मूत्रांत कांहीं दिसेपर्यंत रोग किती मोठा टप्पा मुकाट्यानें चालून गेलेला असतो तें कळतें. शिवाय मूत्र म्हणजे कांहीं तासांपूर्वींची बातमी. साखर फाजील उतरली आहे, इन्शुलिन जास्त झालें आहे, हें तर मूत्र केव्हांच सांगूं शकत नाहीं. आणि इन्शुलिनचा शोध लागल्यावर नेमकी हीच गोष्ट प्राणाशीं येऊन भिडली.

त्या शोधाची कथा सर्वश्रुत आहे. १८८९ सालीं स्ट्रासबुर्ग येथें मिंकोव्स्की व फॉन मेरिंग यांनीं कुत्र्याचें स्वादुपिंड काढलें आणि त्याला मधुमेह झाला. १९२१ च्या उन्हाळ्यांत टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं कुत्र्यांवरच प्रयोग करून स्वादुपिंडाचा अर्क मिळविला. २३ जानेवारी १९२२ रोजीं लेनर्ड टॉम्सन नांवाच्या चौदा वर्षांच्या मुलास शुद्ध केलेला अर्क टोंचण्यांत आला, तेव्हां त्याच्या रक्तांतील साखर एका दिवसांत ५२० वरून १२० वर आली. जनावरांच्या रक्तानें मनुष्यास हें औषध मिळवून दिलें. जनावराच्या स्वतःच्या वाट्यास तें येण्यास मात्र पुष्कळ अवधि लागला. वास्तविक गायीच्या व मांजराच्या इन्शुलिनांत एकाच अमिनो आम्लाचा फरक आहे, डुकराच्या व मांजराच्या इन्शुलिनांत तीन ठिकाणीं आहे, असें पुढें ह्या द्रव्यांची रचना उलगडल्यावर दिसून आलें. म्हणजे मांजराचें औषध जणूं गोठ्यांतच होतें. नव्हती ती मोजणी.

मांजराच्या रक्ताची मोजणी इतकी अवघड कां, ह्याचें उत्तर इन्शुलिनच्याही आधीं, १९११ सालीं मिळून चुकलें होतें. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत वॉल्टर कॅनन हे शरीरशास्त्रज्ञ भीति व क्रोध यांचा शरीरावर काय परिणाम होतो, याचा शोध करीत होते. शोल व राइट ह्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनीं निरोगी मांजरें घेतलीं आणि त्यांना कांहींएक इजा न करतां एका चौकटींत नुसतीं बांधून ठेविलीं. कांहीं वेळानें त्यांच्या मूत्रांत साखर उतरली. जें मांजर आरंभापासूनच घाबरलें किंवा चवताळलें, त्याच्या मूत्रांत ती लौकर दिसली. ज्यानें तो प्रसंग शांतपणें घेतला, त्याच्या मूत्रांत पुष्कळ उशिरां. एक मांजर पिंजऱ्यांत ठेवून त्याच्यावर कुत्रें भुंकविलें, तेव्हांही तोच प्रकार. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथि काढून टाकलेल्या मांजरांत मात्र, तीं बांधलीं तरी, साखर दिसली नाहीं. यावरून निष्कर्ष उघड झाला: संकट समोर दिसतांच ह्या ग्रंथींतून एक द्रव्य रक्तांत सुटतें, यकृत आपली सांठविलेली साखर रक्तांत ओततें, आणि पळण्यास किंवा झुंजण्यास लागणारें इंधन स्नायूंना मिळतें. मनुष्यही याला अपवाद नाहीं. १९१३ च्या मोसमांतल्या अखेरच्या अटीतटीच्या सामन्यानंतर हार्वर्डच्या फुटबॉल संघांतील २५ गड्यांचें मूत्र तपासलें, तों १२ जणांत साखर सांपडली. त्यांतले पांच जण तर मैदानांत उतरलेच नव्हते, राखीव म्हणून नुसते बसून होते.

मनुष्यांत ही वाढ बहुधा थोडी असते. मांजरांत ती निरोग्यास रोगी ठरविण्याइतकी मोठी होऊं शकते. २००२ सालीं ऑस्ट्रेलियांतील जॅकी रँड व त्यांचे सहकारी यांनीं निरोगी मांजरांस पांच मिनिटें पाण्याच्या फवाऱ्याखालीं आंघोळ घालून रक्त तपासलें. साखरेची चढ आणि मांजराची झटापट यांचा संबंध त्यांना स्पष्ट दिसला. मांजरास पाणी किती प्रिय आहे हें जाणणाऱ्यास यांत नवल वाटावयाचें नाहीं.

आतां हा नियम घेऊन रत्नागिरीच्या वास्तवाकडे पाहावें. आपल्या देशांत पशुवैद्यकाची उभारणी झाली ती घोडा, बैल व गायम्हैस यांच्यासाठीं. मुंबईस परळ येथें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालीं सुरू झालें, बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवानें चालणाऱ्या जनावरांच्या रुग्णालयाच्या आवारांत. १८८९ सालीं पुण्यास जनावरांच्या सांथींच्या अभ्यासासाठीं सरकारी प्रयोगशाळा निघाली आणि ती १८९३ त मुक्तेश्वरास हलविली. बुळकांड्यासारख्या रोगानें गोठेच्या गोठे ओस पडत होते, तेव्हां हा क्रम योग्यच होता; त्यांत मांजराचें नांव कोठून निघणार! कोंकणांतले सरकारी पशुवैद्यकीय दवाखानेही गुरांसाठीं व शेळ्यांसाठीं घातलेले. मांजराच्या रक्ताची बारकाईनें तपासणी करावयाची तर कोल्हापूरचा नाहीं तर मुंबईचा रस्ता धरावयाचा. कोल्हापूरचा रस्ता आंबा घाटांतून वर चढतो, आणि मुंबईस जाण्यास १९९८ पासून कोंकण रेल्वे आहे. कोणत्याही वाटेनें गेलें तरी टोपलींत कोंडलेलें, गाडीच्या खडखडाटानें बावरलेलें, दवाखान्यांत शेजारच्या कुत्र्याचें भुंकणें ऐकणारें मांजर म्हणजे कॅननच्या चौकटींतलें मांजरच. त्याच्या रक्तांतून निघालेला आकडा मधुमेहाचा किती आणि भयाचा किती, हें कोणी सांगावें? त्या आकड्यावर भरंवसून इन्शुलिन वाढविलें, आणि घरच्या शांततेंत मूळची साखर त्याहून पुष्कळ कमी असली, तर औषधच घातक ठरतें.

तेव्हां मांजर दवाखान्यांत नेण्याऐवजीं प्रयोगशाळाच घरीं आणणें प्राप्त होतें. ती आधीं मनुष्याच्या घरीं आली. १९६५ सालीं डेक्स्ट्रोस्टिक्स नांवाची कागदी पट्टी निघाली. तिच्यावर रक्ताचा थेंब ठेवावयाचा, एक मिनिट थांबावयाचें, पाण्यानें धुवावयाचें आणि उमटलेला निळा रंग तक्त्याशीं ताडून पाहावयाचा. डोळ्यांनीं रंग ओळखण्यांत चूक होते, म्हणून अँटन क्लेमेन्स यांनीं तो रंग प्रकाशानें वाचणारें यंत्र केलें. तें १९७० च्या सुमारास अमेरिकेंत विक्रीस आलें, पण डॉक्टर व रुग्णालयें यांच्यासाठींच. रिचर्ड बर्नस्टीन नांवाच्या इंजिनियरास बाराव्या वर्षापासून मधुमेह होता. त्यांनीं ह्या यंत्राची जाहिरात वाचली. परंतु रोग्याला तें कोण देणार? सुदैवानें त्यांची पत्नी डॉक्टर होती. तिच्या नांवानें यंत्र घरीं आलें आणि बर्नस्टीन दिवसांतून पांच पांच वेळां स्वतःचें रक्त मोजूं लागले. खाणें, औषध व आकडा यांची सांगड घालून त्यांनीं आपली बिघडत चाललेली प्रकृति सांवरली. त्यावर लिहिलेला लेख वैद्यकीय मासिकें छापीनात. तेव्हां ह्या गृहस्थानें चाळिशी उलटून गेल्यावर वैद्यकाच्या महाविद्यालयांत नांव घातलें आणि १९८३ सालीं तो रीतसर डॉक्टर होऊन बाहेर पडला. रोग्याच्या हातीं मोजणी द्यावी कीं न द्यावी, ह्या वादाचा निकाल लागण्यास ह्या एका माणसाची जिद्द पुष्कळ कारणीभूत झाली. १९६२ सालीं क्लार्क व लायन्स यांनीं मांडलेल्या विद्युत्-पट्टीच्या कल्पनेवरून १९८७ सालीं पेनाएवढें यंत्र बाजारांत आलें. पुढें रक्ताचा थेंब लहान लहान होत मोहरीहूनही बारीक झाला. मांजराच्या दृष्टीनें शिंकें तुटलें तें येथें, कारण एवढासा थेंब त्याच्या कानांतूनही निघूं शकतो.

तें प्रत्यक्ष करून दाखविलें स्वित्झर्लंडांतील झुरिच विद्यापीठानें. वेस व क्लॉडिया रॉइश यांनीं २००० सालीं कुत्र्यामांजरांच्या कानाच्या कडेतून थेंब घेऊन तो हातांतल्या यंत्रानें मोजण्याची पद्धति प्रसिद्ध केली. त्यानंतर पांच वर्षांत, डॉक्टराच्या मदतीवांचून सामान्य धनी आपल्या मांजराची साखर महिनोन्‌महिने घरीं मोजूं शकतो, हें त्याच विद्यापीठांतून दाखविण्यांत आलें. मनुष्याच्या यंत्रानें मांजराचें रक्त मोजण्यांत एक खोंच आहे. मनुष्याच्या रक्तांतील साखरेपैकीं सुमारें ४२ टक्के तांबड्या पेशींत व ५८ टक्के रक्तद्रवांत असते. मांजरांत पेशींत जेमतेम ७ टक्के आणि रक्तद्रवांत ९३ टक्के. मनुष्याचें गणित बसविलेलें यंत्र म्हणून मांजराची साखर बहुधा खऱ्यापेक्षां कमी दाखवितें. अल्फाट्रॅकसारखीं खास जनावरांसाठीं जुळविलेलीं यंत्रें आहेत. तीं न मिळाल्यास मनुष्याचें यंत्रही चालतें, परंतु तें एकच असावें, आणि तें कोणतें हें पशुवैद्यास ठाऊक असावें.

मोजण्याची क्रिया ऐकण्यास भयंकर आणि करण्यास सोपी आहे. मांजर आपल्या नेहमींच्या जागीं बसलेलें असावें. कोमट पाण्यांत बुडवून पिळलेलें फडकें कानाला मिनिटभर लावलें म्हणजे रक्त कडेला येतें. कानाच्या बाहेरच्या कडेनें जी बारीक शीर जाते तिच्या लगत, कडेवरच, सुई टोंचावयाची; पाठीमागें कापसाचा बोळा धरला म्हणजे ती आरपार जाऊन बोटांत रुतत नाहीं. कानाला आधीं व्हॅसेलिनचें बोट पुसलें तर थेंब केंसांत पसरत नाहीं, मोत्यासारखा उभा राहतो. पट्टीचें टोंक त्याला टेकवावें, थेंब ती आपणच ओढून घेते. मग बोळा क्षणभर दाबावा आणि लगेच सुक्या मासळीचा एखादा तुकडा द्यावा. कानाच्या त्या भागांत वेदना थोडी. मांजराला राग येतो तो टोंचण्यापेक्षां धरून ठेवण्याचा. पहिल्या आठवड्यांत दहांपैकीं पांच प्रयत्न फुकट जातात. पुढें पुढें कांहीं मांजरें ठरल्या वेळीं मासळीच्या आशेनें आपण होऊन त्या जागीं येऊन बसतात, आणि कान पुढें करावयाचें तेवढें बाकी ठेवतात.

एका आकड्याला फारसा अर्थ नसतो. सकाळच्या इन्शुलिनपूर्वीं एक आणि मग दर दोन तासांनीं एक, अशी बारा तासांची मालिका घेतली म्हणजे औषध केव्हां लागू पडतें, साखर किती खोल उतरते आणि पुन्हां केव्हां चढूं लागते, तें दिसतें. यांत सर्वांत मोलाचा तो तळचा आकडा. तो साठाच्या खालीं गेला, किंवा मांजर लटपटूं लागलें, शून्यांत पाहूं लागलें, अंगाला झटके येऊं लागले, तर वेळ दवडतां कामा नये: साखरेचा पाक किंवा मध हिरड्यांवर चोळावयाचा आणि पशुवैद्यास गांठावयाचें. टोंचण्यापूर्वींचाच आकडा कमी आला तर पशुवैद्यास विचारल्याखेरीज इन्शुलिन टोंचावयाचें नाहीं. मात्रेंतला फरकही वैद्यानेंच करावयाचा. मालिका त्याच्यापुढें ठेवणें एवढेंच घरच्यांचें काम.

येथें आपल्या देशांतली एक विशेष अडचण सांगितली पाहिजे. आपल्याकडे इन्शुलिनच्या बाटल्या दोन प्रकारच्या मिळतात: एका घनसेंटिमीटरांत ४० युनिटें असलेल्या आणि १०० युनिटें असलेल्या. पिचकाऱ्याही दोन, तांबड्या टोपणाची चाळिसाची आणि नारिंगी टोपणाची शंभराची. शंभराच्या बाटलींतलें औषध चाळिसाच्या पिचकारीनें घेतलें तर एका युनिटाच्या खुणेपर्यंत अडीच युनिटें भरतात. मनुष्याच्या मोठ्या मात्रेंतही ही चूक वाईटच. मांजराची मात्रा पुष्कळदां एक-दोन युनिटांचीच असते, तेथें ती जिवावर बेतते.

दुसरी अडचण कोंकणच्या हवेची. रत्नागिरीस वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यांतला बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. ह्या दिवसांत पापड मऊ होतात, आगपेटी पेटत नाहीं, आणि मोजणीच्या पट्ट्यांवरचें नाजूक द्रव्य ओल खाऊन बिघडतें. पट्टी काढतांच डबीचें झांकण लावावयाचें, डबी स्वयंपाकघरांत ठेवावयाची नाहीं, आणि आकडा विलक्षण वाटला तर नव्या डबींतल्या पट्टीनें पुन्हां पाहावयाचें. इन्शुलिनला थंडावा हवा, थंडाव्याला वीज हवी. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळानें दापोली व मंडणगड ह्या तालुक्यांत खांब आडवे केले, तेव्हां कित्येक गांवें अनेक दिवस अंधारांत होतीं. ओल्या मातीच्या माठांत औषध ठेवण्याची युक्ति सांगतात. पण माठ थंड होतो तो बाष्पीभवनानें, आणि कोरड्या देशावर तो जेवढा उपयोगी तेवढा कोंकणच्या दमट पावसांत नाहीं. वापरांतली बाटली सावलींत, चुलीपासून दूर ठेवली तर महिनाभर बहुधा टिकते. शिल्लक बाटल्यांची सोय मात्र वादळाआधींच पाहून ठेवावी लागते.

ह्या सर्व खटाटोपाचें फळ काय? मांजराच्या मधुमेहाची जात मनुष्याच्या प्रौढ वयांतल्या मधुमेहासारखी आहे. स्वादुपिंड अगदीं मेलेलें नसतें, थकलेलें असतें. लठ्ठपणानें धोका जवळजवळ चौपट होतो. बीजालाही त्यांत स्थान आहे. थिबा राजाच्या राजवाड्यामुळें रत्नागिरीकरांस ब्रह्मदेश परका नाहीं. १८८६ सालीं येथें आणलेला हा पदच्युत राजा १९१६ सालीं येथेंच वारला. त्याच ब्रह्मदेशांतून १९३० सालीं जोसेफ टॉम्सन नांवाच्या डॉक्टरानें वाँग माउ नांवाची एक तपकिरी मांजरी सॅन फ्रान्सिस्कोस नेली आणि तिच्यापासून बर्मी मांजरांची पाश्चात्य जाति निपजली. ब्रिटनमधील विमा उतरविलेल्या मांजरांची पाहणी २००७ सालीं प्रसिद्ध झाली. तींत सुमारें २३० मांजरांमागें एकास मधुमेह होता, आणि ह्या जातींत त्याचें प्रमाण इतरांच्या साडेतीनपटींहून अधिक. पण बीजाहून आहार आपल्या हातचा. मांजर हें जन्मतः मांसाहारी. त्याच्या यकृतांत पिष्टमय अन्नाच्या साखरेची विल्हेवाट लावण्याची शक्ति बेताची. दूधभात हें माणसानें आपल्या आवडीवरून त्याच्यावर लादलेलें जेवण आहे. दिवसभर उंदरांमागें धांवणाऱ्याला तें पचलें. गादीवर लोळणाऱ्याला पचत नाहीं. ह्या बाबतींत खारव्याच्या घरचीं बांगड्याचीं डोकींच शास्त्राला धरून होतीं असें म्हणावें लागतें.

थकलेल्या स्वादुपिंडास वेळींच विसांवा मिळाला तर तें पुन्हां कामास लागूं शकतें. २००९ सालीं कर्स्टन रूम्प व जॅकी रँड यांनीं ५५ मधुमेही मांजरांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांचे धनी घरच्या घरीं दिवसांतून निदान तीन वेळां रक्त मोजून, ठरलेल्या नियमांनुसार ग्लार्जिन नांवाचें दीर्घकाळ टिकणारें इन्शुलिन देत आणि पिष्ट कमी असलेलें अन्न घालीत. त्यांपैकीं ६४ टक्के मांजरांचें इन्शुलिन पुढें सुटलें. रोग ओळखल्यापासून सहा महिन्यांच्या आंत ज्यांच्यावर हा कडक उपाय सुरू झाला, त्यांत हें प्रमाण ८४ टक्के होतें; उशीर झालेल्यांत ३५ टक्के. मनुष्यांत इन्शुलिनवर गेलेला रोगी इतक्या सहज परत येत नाहीं. इतकी कडक मात्रा आकड्यांवांचून देणें म्हणजे अंधारांत नाव हांकणें. घरची मोजणी होती म्हणूनच ती देतां आली. अलीकडे खांद्यावर चिकटवून चौदा दिवस आपोआप मोजणारी चकती निघाली आहे, ती मनुष्यासाठीं २०१४ सालीं युरोपांत आली आणि मांजरांवरही वापरली जाते. सध्यां तरी महाग, आणि खोडकर मांजर ती ओरबाडून काढतें, म्हणून कानावरच्या थेंबाचें काम संपलेलें नाहीं.

अशा घरांत बहुधा एक वही असते. तिच्यांत तारीख, वेळ, आकडा, युनिटें आणि काय खाल्लें अशीं पांच घरें आंखलेलीं असतात. कोठें सुनेचें अक्षर, कोठें सासऱ्याचें. मांजर सुधारूं लागलें म्हणजे युनिटांच्या घरांतले आंकडे उतरत जातात आणि एके दिवशीं तेथें शून्य पडतें. दोन ते चार आठवडे शून्य राहून साखर स्थिर राहिली तर पशुवैद्य इन्शुलिन सुटलें असें म्हणतात. तरीपण वही बंद करावयाची नसते, कारण कांहीं मांजरांत रोग उलटतो. रोजच्या ऐवजीं आठवड्यांतून एकदां कान कोमट फडक्यानें शेकावयाचा, थेंब घ्यावयाचा, आणि आकड्यापुढें तारीख घालावयाची.